अक्काचा पडदा

उमापुरात माझं औषधांचं दुकान चाललं ते निम्मं अक्काच्या हातामुळं. यश देणारा हात वगैरे म्हणतात तसला नव्हे. अक्का माणसांना मारायची आणि मार खाल्लेली माणसं पट्टी बांधून घ्यायला माझ्याकडं यायची, इतकं ते सरळ होतं. दुकानाची जागाही तिच्याच घराची, रस्त्याकडची खोली, त्यामुळं जखमीला लांब जावं लागत नसे. ओट्यावर मार खायचा आणि शेजारच्या दारात येऊन कापूस मागायचा. मी साधा औषधं विकणारा, पण गावानं मला डॉक्टर करून टाकलं. कुणाची जखम शिवायला गेवराईला धाडायची आणि कुणाची नुसत्या चिकटपट्टीवर भागेल, एवढं अक्काच्या कृपेनं मलाही कळायला लागलं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का वारली. अंथरुणावर, झोपेतच. गावाला हे काही पटलं नाही. अक्कासारखी बाई अशी निमूट कशी जाईल, म्हणून दोघातिघांनी मला खोदून खोदून विचारलं. मला मात्र तेव्हापासून तिची आठवण येते ती गाड्यांच्या काचा पाहून. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या काचेवर चंदेरी सनशेड दिसली की मी थांबतो आणि ती नीट बसली आहे का ते पाहतो. बायको म्हणते, लोकांच्या गाड्यांत काय डोकावता. तिला काय सांगणार.

अक्का ठेंगणी, रुंद खांद्यांची, कपाळ कोरं. सुती पातळ, पायात नवऱ्याच्याच मापाच्या वाटाव्यात अशा वहाणा आणि हातात बॅटरी. आपण टॉर्च म्हणतो ती. पत्र्याची, पाच सेलची, मनगटाएवढी जाड. ती नवऱ्याची, माणिकरावांची. भरदिवसा ती बॅटरी घेऊन ओट्यावर बसे. नवीन आलेल्या लाइनमननं एकदा हसून विचारलं, "अक्का, दिवसा बॅटरी कशाला?"

"दिवसाच जास्त लागती," अक्का म्हणाली. कशी लागते ते त्याला पुढच्या पंधरवड्यात कळलं. पोलवर चढायला टाळाटाळ करून वर बायामाणसांना उलट बोलला होता. मी त्याच्या कोपराला पट्टी बांधली.

तिचा एक नियम मात्र होता. उपाशी माणसावर ती हात टाकत नसे. पाप लागतं म्हणायची. आधी खाऊ घालायची, निदान चहा तरी पाजायची. आमच्या गल्लीतल्या सुताराचा जावई बायकोला पट्ट्यानं मारायचा. तो सासुरवाडीला आला तेव्हा अक्कानं त्याला ओट्यावर बोलावलं, सतरंजीवर बसवलं, भाकरी, पिठलं, ठेचा वाढला, वर चहा दिला. गडी खूश. इतका मान सासऱ्यानंही कधी दिला नव्हता.

"पोट भरलं का, जावईबापू?"

"भरलं की अक्का. लई झालं."

"बरं झालं," म्हणाली आणि बॅटरी उचलली. कानामागं टाके पडले त्याला. पुढं त्या पोरीच्या घरी जरा आवाज चढला की इथून नुसता निरोप जायचा, अक्का चहाला बोलावतीय म्हणून. महिनाभर सगळं सुरळीत. त्यामुळं गावात अक्कानं विनाकारण चहा विचारला की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे. मलाही एकदा अवचित कपबशी आली तेव्हा मी काय काय चुकलो असेन ते आठवत बसलो होतो. तिला फक्त मोबाइलमधला एक फोटो मोठा करून पाहायचा होता.

हे मी हसत सांगतोय, पण त्या रागाच्या तळाशी एक दुपार होती. ती कळल्याशिवाय अक्का कळायची नाही. माणिकराव आणि त्यांचा चुलतभाऊ रंगनाथ यांची विहीर सामाईक होती. पाण्याच्या पाळीवरून आधी बोलाचाली झाली, मग हाणामारी झाली, मग रंगनाथ उमापूर सोडून तलवाड्याला राहायला गेला. लोकांना वाटलं मिटलं. एका बाजाराच्या दिवशी नवरा-बायको जीप घेऊन तलवाड्याला गेले. अक्का बांगड्या भरायला बसली, मांडीवर बाळू, तेव्हा दूध पिणारा. माणिकराव कडुलिंबाच्या झाडाखाली जीप लावून पुढच्या सीटवर आडवे झाले. अक्काला कासाराच्या पालातून जीपची काच दिसत होती. त्या काचेसमोर रंगनाथ आणि त्याचा साडू आले. काचेतून आत पाहिलं. माणूस झोपलाय याची खात्री केली. मग समोरच्या हॉटेलात जाऊन दोघांनी चहा घेतला, आणि चहा संपवून कुऱ्हाडी घेऊन परत आले. अक्का हातभर बांगड्यांनिशी धावली. तिला पोहोचायला उशीर झाला.

ती हे कधी रडून सांगत नसे. एवढंच म्हणायची, "बघून गेले मेले. काच उघडी व्हती म्हणून बघितलं. दिसलाच नसता तर?"

मी एकदा म्हणालो, अक्का, त्यांनी दार उघडून पाहिलं असतं. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी गोळ्यांची पाकिटं रचायला लागलो.

साडू तुरुंगातच मेला. रंगनाथ जन्मठेप भोगून सुटला आणि तलवाड्यात मुलांकडं आला, तेव्हा बाळू चांगला बाप्या झाला होता. त्याचा जेसीबीचा धंदा, अंगानं आडवा, आईसारखेच खांदे. त्याच महिन्यात त्यानं नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, गावातली पहिलीच तसली. मारुतीसमोर नारळ फुटला, चाकांखाली लिंबं फुटली, पोरांनी फोटो काढले. अक्का गाडीला एक फेरी घालून पुढं आली आणि काचेसमोर उभी राहिली. आजच्या गाड्यांची काच केवढी असते. बाळू आत स्टेअरिंगवर बसून हसत होता, आणि तो छातीपासून टाळूपर्यंत स्वच्छ दिसत होता.

"हिला पडदा पायजे," अक्का म्हणाली.

"काळी फिल्म चालत न्हाई माय. पोलीस फाडत्यात."

"चालू गाडीला कोण म्हणतंय? उभी ऱ्हाईली की पडदा. पुरा. सुईएवढी फट ठेवायची न्हाई."

बाकी गाडी किती पळते, किती पिते, कशाशी तिला देणंघेणं नव्हतं. रंगनाथ सुटला होता, त्याचे दोन मुलगे वाढलेले होते, आणि तिचा एकुलता मुलगा काचेच्या पेटीत बसून गावोगाव हिंडणार होता. तिच्या डोक्यात तेवढंच होतं. बाळूला जेसीबीवर दुपारी झोपायची सवय, आता तो गाडीत झोपणार. बापासारखाच.

बाजूच्या काचांना तिनं काळी कापडं शिवून लावली, अडलं ते पुढच्या काचेपाशी. मग आमच्या दारात सनशेडचा बाजार भरला. शोरूमवाल्यानं फुकट दिलेली पहिली होती चंदेरी कागदाची, दुमडणारी. ती लावली की मधोमध पोट काढायची आणि दोन्ही कडांना हात जाईल एवढी जागा राहायची. अक्कानं ती गोठ्याच्या खिडकीला लावली. दुसरी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटलेली. आमच्याकडं हल्ली गाडीची काच बघून माणूस कुणाचा ते ओळखतात, वर पट्टीवर नाव, खाली कोपऱ्यात फोटो. या सनशेडवर तर पुढाऱ्याचं तोंडच काचेएवढं, हात जोडून हसणारं. कार्यकर्ता मोठ्या मानानं घेऊन आला होता.

"माझ्या नवऱ्याचा फोटू न्हाई काचेला," अक्का म्हणाली, "अन् ह्याचं थोबाड कावून लावू?" मग तिनं त्याला चहा विचारला. तो चप्पल हातात घेऊन गेला.

तिसरी बाळूनं मोबाइलवरून मागवली, छत्रीसारखी उघडणारी. अक्कानं मला चहा पाठवून फोटो मोठा करायला लावला तो हिचाच. फोटोत छान होती. गाडीत तिचा दांडा गिअरवर टेकायचा आणि आरशापाशी कापड वर उचललं जायचं. अक्का आत बसली, दारं लावून घेतली आणि भर उन्हात घामाच्या धारा लागेपर्यंत बसून राहिली. बाहेर आली तेव्हा छत्रीच्या काड्या मोडलेल्या होत्या.

"आरशाच्या बुडाला ऊन येतंय," म्हणाली. "जिथून ऊन येतंय तिथून डोळा येतो."

तिची परीक्षा ही अशी. आत बसायचं आणि उजेडाची तिरीप शोधायची. डॅशबोर्डवर, सीटवर कुठं उन्हाचा ठिपका पडला की सनशेड नापास.

शेवटी गाडी गेवराईला हमीदभाईकडं गेली. हमीदभाई सीट कव्हर शिवायचा. अक्कावर उलट ओरडण्याची हिंमत असलेला माझ्या पाहण्यातला तो एकटाच. मी त्या दिवशी माल आणायला त्यांच्या गाडीतून गेलो होतो, म्हणून तो तमाशा मला बघायला मिळाला. हमीदभाईनं काचेला आतून खाकी कागद चिकटवला, कडेकडेनं खडू फिरवून माप काढलं. आरशाच्या बुडाला खाच पाडली, वरच्या दोन्ही कोपऱ्यांत ऊन अडवायला आतून खाली ओढतात त्या झडपा दाबून धरतील अशी जागा सोडली. आत जाड फोम, बाहेरून चंदेरी, कडेला काळी शिवण. लावली. अक्का आत बसली. तिरीप. बाहेर आली आणि कात्री भिरकावली. ती हमीदभाईच्या कानाजवळून गेली आणि रेग्झिनच्या गुंडाळीत रुतली.

"अक्का, जान लेव मेरी," हमीदभाई ओरडला. "पयले जान लेव, फिर पडदा लेव."

"जान घेऊन काय करू? खाच मोठी झालीय तुजी."

"आरसा हाय तिथं. आरसा कापू का?"

"काप."

दुसऱ्या वेळी खाच बरोबर बसली, पण खाली डॅशबोर्डाच्या कडेला काळोख सलग नव्हता. तिसऱ्या वेळी अक्का आत बसली ती बराच वेळ बाहेर आली नाही. हमीदभाई हातात खडू घेऊन उभा, बाळू मोबाइलमध्ये डोकं घालून, मी काचेला नाक लावलेला. मला फक्त माझंच तोंड दिसलं, चंदेरी आणि वाकडंतिकडं. आतून अक्काचा आवाज आला, "डॉक्टर, म्या दिसती का?"

"नाही अक्का."

"काय बी न्हाई?"

"काही नाही."

ती उतरली. पातळ घामानं चिंब झालेलं. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं, आणि खरं सांगतो, मला गलबलून आलं. हमीदभाईला मात्र राहवलं नाही. "अक्का, एवढं गच्च बशिवलं तर आतल्या माणसाला बी बाहेरचं दिसत न्हाई. कोण आलं, कोण गेलं."

"आतल्यानं झोपावं," अक्का म्हणाली. "बघायला मी हाय."

त्यानंतरचे काही महिने अक्कानं बाळूपेक्षा त्या पडद्याची काळजी जास्त घेतली असेल. धूळ झटकायची, घडी नीट घालायला लावायची. दर दोन दिवसांनी दुपारी गाडीत जाऊन दारं लावून बसायची आणि तिरीप शोधायची. गावातल्या लोकांना गंमत वाटे. पण त्या गमतीच्या खाली दुसरंही काही चाललं होतं. ते गाव बोलत होतं आणि बाळू ऐकत होता. पारावर, पानटपरीवर, लग्नाच्या पंगतीत. रंगनाथ सुटला म्हणे. बाजाराला येतो म्हणे, त्याच कडुलिंबासमोरच्या हॉटेलात बसतो, शेळ्या विकतो. माणिकरावाचा पोरगा एवढा झाला तरी. अक्का एवढी वाघीण, तिनं काय उगाच वाढवलाय त्याला. थांबली असंल वेळ बघून. हे माझ्या दुकानातही बोललं जाई, तापाच्या गोळ्या घेता घेता, सहज. मला त्या लोकांची किळस यायची. ज्याच्या घरचं कुणी मेलेलं नसतं त्याला दुसऱ्याच्या सुडाची फार घाई असते.

अक्कानं मात्र सूड हा शब्द कधी काढला नाही. गावाला मारताना ती काय काय बोलायची, पण रंगनाथचं नाव तोंडातून यायचं नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ गावानं लावला. बाळूनंही तोच लावला.

एका दुपारी अक्का दुकानात आली. तिच्या हातात पडद्याची घडी होती. तिनं ती काउंटरवर उघडली.

"उंदरानं कुरतडलंय का बघा."

ड्रायव्हरच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं. रुपयाएवढं, गोल. ब्लेडनं कापलेलं, आणि कडेचा फोम निसटू नये म्हणून आतून काळी चिकटपट्टी लावलेली. मी म्हणालो, उंदीर नाही अक्का. एवढं मलाच काय, तिलाही दिसत होतं. पडदा आतून कापलेला होता. आतल्याला बाहेर बघायचं होतं.

तिनं भोकात बोट घालून पाहिलं. तेवढ्यात एक शेळ्यांचा व्यापारी खोकल्याचं औषध मागायला आला आणि अक्काला पाहून कौतुकानं म्हणाला, "अक्का, मागच्या बाजारी बाळूदादाची गाडी बघितली तलवाड्यात. दिसभर लिंबाखाली उभी. पडदा लई झ्याक बसलाय बरं का."

मागच्या बाजारी बाळू जेसीबीचा पार्ट आणायला बीडला गेला होता. निदान घरी तसं सांगून गेला होता.

अक्कानं पडद्याची घडी घातली, गाडीत जिथल्या तिथं ठेवून आली आणि ओट्यावर बसली. पुढचे चार दिवस तिनं कुणाला शिवी दिली नाही, कुणाला चहा विचारला नाही. तिच्यासमोर एक टोळभैरव भिंतीवर थुंकून गेला तरी ती बघत राहिली. मला भीती वाटायला लागली. मार खाणारं गिऱ्हाईक येईना, त्याचंही दुःख नव्हतं मला तेव्हा.

बाजाराच्या दिवशी सकाळी तिच्या घरातून धपाट्यांचा वास आला. तिनं बाळूला पाटावर बसवून वाढलं आणि तो नको नको म्हणत असताना दही घालून आणखी एक वाढलं. मलाही दोन धपाटी ताटलीत आली. बाळू बीडला जातो सांगून गाडी घेऊन गेला. ती गल्लीच्या तोंडापर्यंत जाईस्तोवर अक्का पाहत होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "डॉक्टर, दुकानाला कुलूप लावा. माझ्यासंगं चला. पट्ट्या घ्या, कापूस घ्या. हात बांधायची ती लाकडाची फळी असंल तर ती बी घ्या."

"कुणाला लागलंय?"

"लागंल."

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. धपाटी खाल्लेली होती ना. पण मला वाटलं, बाजारातल्या कुणा टग्याची पाळी आलीय.

रिक्षानं तलवाड्याला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बाजार गच्च भरलेला. लिंबाखाली ती पांढरी गाडी होती, तोंड हॉटेलाकडं करून. इंजिन चालू, एसीचं पाणी खाली टपकत होतं. काचेवर चंदेरी पडदा असा बसलेला की हमीदभाईनं पाहिला असता तर छाती फुगली असती. हॉटेलाच्या बाकावर एक वाकलेला म्हातारा बशीत चहा ओतत होता. रंगनाथला मी पहिल्यांदा पाहत होतो. ज्याच्या नावानं गाव पेटून उठायचं तो बशीवर फुंकर घालत होता.

अक्का भाज्यांच्या पथाऱ्यांमधून सरळ गाडीपुढं गेली. टाचा उंच करून तिनं आपला चेहरा त्या भोकासमोर नेला. तिथून तिला काही दिसणं शक्य नव्हतं. आतल्याला मात्र फक्त तीच दिसत असणार.

"बाळू, दार उघड," ती हळूच म्हणाली.

दार उघडलं नाही. तिनं बॅटरी दोन्ही हातांनी धरली आणि काचेवर मारली. पहिल्या तडाख्याला नुसती चीर गेली. दुसऱ्याला काच पांढरी झाली. मग ती मारतच राहिली. बाजाराचा आवाज हळूहळू बंद झाला, आणि बॅटरीचा काचेवर पडणारा आवाज तेवढा राहिला. काच फुटत नव्हती, आतल्या बाजूला पोट काढून खचत होती. तिच्या मनगटातून रक्त यायला लागलं होतं. मग ती ड्रायव्हरच्या दाराकडं वळली आणि एका घावात बाजूच्या काचेचा चुरा झाला. मागच्या दारातून बाळूचे दोन मित्र उतरून पळाले. एकाच्या हातातली कुऱ्हाड दारात अडकून खाली पडली. नवी होती, दांड्यावर दुकानाचा कागद तसाच.

अक्कानं फुटक्या खिडकीतून हात घालून बाळूचे केस धरले आणि त्याला खाली ओढलं. तो सहज तिला ढकलू शकला असता. ढकललं नाही.

"माय, तुझ्यासाठीच तर," तो म्हणाला. ओठ फुटला होता त्याचा. "समद्या गावाला ठाऊक हाय, तू कशासाठी थांबलीस ते."

"गावाला इचारून जन्म दिला का तुला?"

बापाचा जीव गेला त्याच झाडाखाली तो उभा होता, आणि अक्का त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"हात पुढं कर," ती म्हणाली.

लहानपणी त्याला शिक्षा करताना ती हेच म्हणायची. सगळ्या गल्लीनं ते ऐकलेलं होतं. आणि त्या दांडग्या माणसानं, भर बाजारात, उजवा हात पुढं केला. सवयीनं केला असेल. त्याला वाटलं असेल एक छडी बसेल. अक्कानं तो हात बॉनेटवर ठेवला, मनगट डाव्या हातानं दाबून धरलं आणि बॅटरी उचलली. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा कशाला मारला ते मला माहीत नाही. बॅटरीचं झाकण उडालं आणि सेल बाजारभर घरंगळत गेले.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी पिशवी घेऊन पुढं झालो. आता कळलं फळी कुणासाठी होती.

रंगनाथ बाकावरून उठून उभा राहिला होता. अक्का त्याच्याकडं वळली. इतक्या वर्षांत तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, तिनं नात्यानं हाक मारली.

"भावजी, पोराचा हात मोडला मी. आता त्यात कुऱ्हाड बसत न्हाई. तुमच्या पोरांचं तुमी बघा." मग त्याच्या हातातल्या बशीकडं पाहून म्हणाली, "चहा प्या तुमचा."

तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, याची मला खात्री आहे. पण अक्कानं प्या म्हटलेला चहा म्हणजे काय, ते तलवाड्यालाही माहीत होतं. रंगनाथनं बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. ती ते पाहायला थांबली नाही. ती बाळूच्या शेजारी मातीत बसली आणि मी फळी बांधेपर्यंत तिनं त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं. तो तिच्या पातळात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडत होता, आणि ती पदरानं त्याच्या केसांतला काचेचा चुरा वेचत होती.

पोलीस आले ते घरी. आईनं पोराला मारलं, त्यात लिहून काय घ्यायचं, म्हणून जमादार थोडा वेळ बसला. अक्कानं चहा विचारला तेव्हा तो घाईनं उठला. गाव मात्र तिच्यावर रुसलं. वाघिणीची मांजर झाली, असं पारावर बोललं गेलं. ते बोलणाऱ्यांपैकी एकाला मी लगेच पट्टी बांधली, त्यामुळं ते काही खरं नव्हतं. नवी बॅटरी तिनं घेतली नाही, त्याच चेपलेल्या नळकांड्यावर काम भागत होतं. बाळू कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही. ती त्याला डाव्या हातानं जेवता येईना म्हणून घास भरवायची आणि तो भिंतीकडं बघत खायचा. हाड जुळलं, पण वाकडं. जेसीबी चालवता येई, जड काही धरता येत नसे.

रंगनाथच्या मुलांचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. काही झालं नाही, हेच आमच्याकडं किती मोठं आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

पुढं मी दुकान गेवराईला हलवलं आणि उमापूर सुटलं. अक्काला शेवटचं पाहिलं ते त्यानंतर, तलवाड्याच्या बाजारात. चैत्रातली दुपार होती. लिंबाची सावली शेळ्यांनी अडवलेली, म्हणून ती पांढरी गाडी उघड्या उन्हात उभी होती. नवी काच बसवलेली, लखलखीत, आणि तिच्यावर काहीच नव्हतं. ना नाव, ना फोटो, ना पडदा. बाळू ड्रायव्हरची सीट मागं पाडून झोपला होता, तोंड उघडं, वाकडा हात पोटावर. शेजारच्या सीटवर अक्का ताठ बसलेली. मांडीवर चेपलेली बॅटरी. समोरच्या हॉटेलात रंगनाथ बाकावर होता, आणि त्याच्या शेजारी त्याचे दोघं मुलगे. सगळ्यांना सगळे दिसत होते.

मी खिडकीशी गेलो. आतून भट्टीसारखी झळ आली.

"अक्का, एवढ्या उन्हात? हमीदभाई नवा पडदा शिवून द्यायला तयार आहे. मलाच म्हणाला."

"नको," ती म्हणाली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तिनं तो पुसला नाही. "दिसू द्या आमाला."

बाळू झोपेत कूस वळला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग समोर पाहिलं. काचेवर आतून धुळीचा एक पट्टा होता. अक्का पुढं वाकली आणि पदराच्या टोकानं तो पुसून काढला.